विडीपुरती विश्रांती



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला शाळेत कधी शिकवलं नाही. ते माझ्या ओपीडीत यायचे. स्वतःसाठी क्वचित, बहुतेक वेळा कुणातरी विडी कामगार बाईला, यंत्रमागावरच्या कामगाराला, मार्केट यार्डातल्या हमालाला हाताला धरून आणायचे आणि केसपेपरच्या रांगेत स्वतः उभे राहायचे. एकदा छातीच्या विकारांची ओपीडी तुडुंब भरलेली असताना त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे विडीने छाती खराब झालेले येतात, त्यांत हमाल किती आणि वकील किती, कधी मोजलंय का?" मी म्हणालो, "मास्तर, रोग माणसाचा धंदा बघून येत नाही." ते म्हणाले, "मोजून बघा."

त्या आठवड्यात मी रजिस्टर घेऊन बसलो. गवंडी, सेंट्रिंगवाले, हमाल, माग चालवणारे, वीटभट्टीवरचे, रिक्षावाले, शेतमजूर. पानामागून पान उलटलं तरी हीच माणसं. वकील एक होता, आणि त्याचा दमा लहानपणापासूनचा होता.

हीच माणसं का, या मास्तरांच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या हयातीत मला नीट देता आलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

तंबाखू आपल्या मुलखात आली ती श्रीमंतांच्या दारातून. पोर्तुगीजांनी ती आणली आणि दख्खनच्या दरबारांत तिची चैन सुरू झाली. अकबराचा सरदार असदबेग विजापूरला आला होता. विजापूर म्हणजे आपल्या सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती अकबराच्या दरबारात नेली. सोबत ओढायची नळी नेली, तीही रत्नं जडवलेली. बादशहाने कुतूहलाने झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, दरबारात वाद झाला, आणि थोड्याच दिवसांत व्यापारी ती विकू लागले. हे असदबेगनेच लिहून ठेवलं आहे. त्या नळीपासून तेंदूच्या पानात वळलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या आजच्या विडीपर्यंतचा प्रवास चारशे वर्षांचा आहे. एवढ्या काळात तंबाखू वरून खाली उतरत आली, आणि खाली आली ती तिथेच राहिली.

हे फक्त आपल्याकडे घडलेलं नाही. इंग्लंडचं उदाहरण बघा, कारण तिथल्या नोंदी चोख आहेत. १९४८ साली ब्रिटनमधले ८२ टक्के पुरुष तंबाखू ओढत होते. डॉक्टर ओढत, खाणकामगार ओढत, मंत्री ओढत, शिक्षक ओढत. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवायला सुरुवात केली. पहिल्यांदा सिगारेट सोडली ती डॉक्टरांनी. मग प्राध्यापक, अधिकारी, बँकेतले लोक सोडत गेले. कारखान्यातला, गोदीतला, साफसफाईचा माणूस मागे राहिला. २०२३ साली ब्रिटनमध्ये सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांचं प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. पण अंगमेहनतीच्या आणि ठरावीक साच्याच्या नोकऱ्यांत ते सुमारे २० टक्के आणि अधिकारी-व्यावसायिकांत सुमारे ८ टक्के होतं. देशाची सरासरी छान दिसते. तिच्या पोटात दोन देश आहेत.

२००६ साली प्रभात झा, रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हिशेब मांडला. इंग्लंड-वेल्समध्ये सर्वांत वरच्या थरातल्या पुरुषाला ३५ ते ६९ या वयात मरण येण्याची शक्यता २१ टक्के, सर्वांत खालच्या थरातल्या पुरुषाला ४३ टक्के. यातला धूम्रपानाचा वाटा मोजला तर तो वरच्या थरात ४ टक्के, खालच्या थरात १९ टक्के. म्हणजे गरीब आणि श्रीमंत यांच्या अकाली मृत्यूत जी दरी आहे, तिचा निम्म्याहून जास्त भाग सिगारेटने खणलेला आहे. पोलंड, अमेरिका, कॅनडा इथेही त्यांना हेच चित्र दिसलं.

पूर्ण दरी मात्र सिगारेटची नव्हे, हे मी डॉक्टर म्हणून सांगितलं पाहिजे. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ साली सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यास प्रसिद्ध आहे. मायकेल मार्मट यांनी त्यात दाखवलं, की तेवढीच सिगारेट ओढणाऱ्या साहेबापेक्षा शिपाई हृदयविकाराने जास्त मरतो. सवय तीच, पण शिपायाच्या आयुष्यातलं बाकीचं ओझंही तिच्यात मिसळतं.

आता आपल्या घरात येऊ. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मतदारयाद्यांवरून घरोघरी जाऊन एक लाखाच्या आसपास माणसांची तंबाखूची सवय नोंदवली. पस्तिशीच्या पुढचे हे सामान्य मुंबईकर. पुरुषांत दोन तृतीयांशांहून जास्त आणि बायकांत निम्म्याहून जास्त जण तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते. बायका विडी-सिगारेट ओढत नव्हत्या म्हटलं तरी चालेल. त्यांची तंबाखू मुख्यतः मिसरी होती. याच माहितीवर ग्लोरियन सोरेन्सन, गुप्ता आणि मंगेश पेडणेकर यांनी २००५ साली एक लेख लिहिला. त्यातले आकडे वाचून मी बराच वेळ ते पान उलटलं नव्हतं. पदवीपर्यंत शिकलेल्या पुरुषाच्या तुलनेत निरक्षर पुरुषात तंबाखू आढळण्याचं गुणोत्तर सातपटीहून जास्त. बायकांत ते वीसपटीहून जास्त. एकाच शहरात, एकाच पावसात, एकाच लोकलमध्ये उभी असलेली ही माणसं. शाळा किती झाली एवढ्या एका गोष्टीवरून त्यांच्या तोंडात तंबाखू असेल की नाही याचा अंदाज बांधता येत होता.

महाराष्ट्राबद्दल एक आकडा नेहमी अभिमानाने सांगितला जातो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशात सर्वांत कमी धूम्रपान महाराष्ट्रात निघालं, अवघं ३.८ टक्के. आकडा खरा आहे. पण त्याच सर्वेक्षणात न ओढता तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के होते, म्हणजे जवळजवळ चारातला एक. चुन्याबरोबर मळलेली चिमूट, मिसरी, मावा, विदर्भातला खर्रा. खर्रा तुम्ही पाहिला असेल: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून टपरीवर घासघास घासून दिलेला. आपल्याकडे धूर दिसत नाही म्हणून आपण समाधानी आहोत. शहरातल्या एखाद्या मुलीच्या हातात सिगारेट दिसली की संस्कृतीवर चर्चा होते. तिच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशी रोज सकाळी भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना घासतात, त्यावर कुणी चर्चा करत नाही. मुंबईतल्याच १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात दिसलं आहे, की अशी तंबाखू घेणाऱ्या आईचं बाळ सरासरी १०५ ग्रॅमने हलकं जन्मतं. ज्या घरात बाळाचं वजन आधीच कमी भरतं, त्याच घरात हे १०५ ग्रॅम वजा होतात.

आता कारणाकडे वळतो. माझ्या शिक्षणात मला सांगितलं होतं, की कारण अज्ञान आहे. लोकांना कळत नाही म्हणून ते ओढतात. सांगा म्हणजे सोडतील. कित्येक वर्षं मी तसंच केलं. एक्स-रे प्रकाशाच्या डब्यावर लावायचो, काळे डाग दाखवायचो आणि रागवायचो. एके दिवशी मास्तरांनीच आणलेल्या एका हमालाला मी असाच रागावत होतो. पन्नाशीही न गाठलेला माणूस, छाती पिंपासारखी फुगलेली, जिना चढताना दोनदा थांबणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, पोतं टाकून नुसतं बसलं की मुकादम वरडतोय. विडी पेटवली की काय म्हणत नाही. विडी संपंस्तवर माणूस आपला असतोय बगा."

मित्रहो, हे वाक्य मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं. त्यानंतर मी आजूबाजूला नीट बघायला लागलो. बांधकामावर बघा, ऊसतोडीच्या फडात बघा, खुरपणीच्या शेतात बघा. "चला, तंबाखू खाऊन घेऊ" असं म्हणून माणसं टेकतात. चुन्याची डबी निघते, तळहातावर चिमूट मळली जाते, थाप मारून भुकटी उडवली जाते, शेजाऱ्याला अर्धी दिली जाते, बार भरला जातो. पाच-सात मिनिटं जातात. या पाच-सात मिनिटांना मालकाची, मुकादमाची, ठेकेदाराची मूक संमती असते. तेवढाच वेळ कुणी रिकाम्या हाताने बसलं तर तो आळस ठरतो, कामचुकारपणा ठरतो. ज्याला बसायला खुर्ची आहे त्याला बसण्यासाठी कारण लागत नाही. तो चहा मागवतो, फोन घेतो, खिडकीबाहेर बघतो. ज्याच्या कामात बसण्याची सोयच नाही, त्याने शतकभरात एकच सवलत मिळवली, आणि ती त्याला आयुष्य गहाण टाकून मिळाली.

यात भूकही आहे. निकोटिनने भूक मरते. सकाळी सहाला घरून निघालेल्या आणि दुपारी दोनला भाकरी सोडणाऱ्या माणसाला हे शास्त्र सांगावं लागत नाही. झोपही आहे, रात्रपाळीचा माग चालवताना डोळा लागला तर बोट जाईल, म्हणून ओठाखाली चिमूट ठेवणारे मी पाहिले आहेत. ब्रिटनमधल्या हिलरी ग्रॅहम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८०-९०च्या दशकांत गरीब आयांचा अभ्यास केला. त्यांनाही हेच आढळलं: पोरांच्या रगाड्यात सिगारेटची पाच मिनिटं हा त्या आईचा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ असतो. तिच्याकडच्या पैशांतून ती स्वतःसाठी घेते ती तेवढी एकच गोष्ट. सोलापूरचा हमाल आणि ब्रिटनमधली ती आई एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनी एकच गोष्ट सांगितली.

सोडायची इच्छा या माणसांत कमी असते असं मुळीच नाही. २०१६-१७च्या सर्वेक्षणात देशातल्या ३८.५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी मागच्या वर्षभरात सोडण्याचा प्रयत्न केलेला होता. फरक पुढे पडतो. साहेबाने सिगारेट सोडली की कौतुक करणारी बायको असते, सल्ला देणारा डॉक्टर मित्र असतो, निकोटिनचा च्युइंगगम घ्यायला पैसे असतात, आणि ज्या खोलीत तो काम करतो तिथे कुणी ओढत नाही. हमालाने विडी सोडली तर त्याच्या डाव्या-उजव्या हाताचे दोघं ओढत असतात, आणि त्याची विश्रांती मात्र गेलेली असते.

आता विडीकडे येतो, आणि या शहरात विडीवर बोलताना माझा आवाज थोडा जड होतो. कारण विडी ओढणारा गरीब आहे, तशी ती वळणारी त्याहून गरीब आहे, आणि ती या सभागृहातल्या अनेकांची आई आहे.

शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही गल्लीत दुपारी शिरा. उंबऱ्याशी बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. ती पत्र्याचा तुकडा पानावर ठेवते, कात्रीने त्या मापाचं पान कापते, चिमूटभर जर्दा पसरते, दोन बोटांत पान वळवते, दोरा गुंडाळते, नखाने तोंड दुमडते. सगळं तुमच्याशी बोलता बोलता. नजर सुपाकडे नसते, पोराच्या पाढ्यांकडे असते. मजुरी हजारावर मिळते, म्हणून हजार पुरे होईपर्यंत मान वर होत नाही. पानं मोजून मिळतात. फाटकी निघाली तर कमी पडलेली तिने पदरच्या पैशांनी आणायची. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की त्यातल्या काही छाटात जातात, त्यांचे पैसे नाहीत. शाळेतून आलेली मुलगी पानं कापायला बसते, कारण तिची बोटं आईच्या बोटांपेक्षा चपळ असतात. त्या बाईच्या बोटांची त्वचा मी तपासली आहे, तिचा खोकला ऐकला आहे, पाठीचे फोटो बघितले आहेत. तिने आयुष्यात एक विडी ओढलेली नसते, पण तंबाखूची धूळ तिच्या उशीत असते.

देशात नोंदलेले विडी कामगार पन्नास लाखांच्या घरात आहेत आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. या बाईसाठी १९६६चा विडी आणि सिगार कामगार कायदा २०२५ पर्यंत होता. १९७६ साली तिच्यासाठी कल्याण निधी झाला. विडीवरच्या उपकरातून तिचे दवाखाने आणि तिच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. घरासाठी तिने लढा दिला, आणि २००६ साली शहराजवळ कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. जिथे बायकांनी संघटना केली तिथे काय होऊ शकतं हे त्या घरांनी दाखवलं. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनीही १९८०च्या सुमारास असाच लढा दिला होता.

साखळी इथे संपत नाही. मे महिन्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात पहाटे उठून तेंदूची पानं तोडली जातात आणि पुडे बांधून वाळत घातले जातात. तिथल्या माणसाच्या हातात उन्हाळ्यात येणारी रोख रक्कम म्हणजे बऱ्याचदा तेवढीच. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा आणि वनहक्क कायद्यांनंतर अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात, ही चांगली गोष्ट झाली. पण साखळी डोळ्यांसमोर धरून बघा: पान तोडणारा आदिवासी, विडी वळणारी बाई, विडी ओढणारा मजूर. तिघंही गरीब. नफा या तिघांपैकी कुणाच्याच हाती राहत नाही.

या साखळीचं नाव घेऊन राज्यकर्ते गेली कित्येक दशकं एक गोष्ट सांगत आले आहेत. विडी ही गरिबाची चैन आहे, तिच्यावर कर लावू नका. विडी हा कुटिरोद्योग आहे, तिला धक्का लावू नका. म्हणून वर्षाला वीस लाखांपर्यंत हातविड्या बनवणाऱ्याला अबकारी कर माफ होता. म्हणून जीएसटीत सिगारेटवर २८ टक्क्यांच्या वर भरपाई उपकर बसला आणि विडीवर बसला नाही. त्या व्यवस्थेत सिगारेटच्या किमतीत कराचा वाटा निम्म्याच्या आसपास होता, विडीच्या किमतीत पाव हिश्श्याहूनही कमी. आणि सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट ४० टक्क्यांच्या टप्प्यात टाकायचं ठरवलं तेव्हा विडीचा दर २८वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. ही गरिबाची कणव आहे असं सांगितलं गेलं. मी तीस वर्षं ज्या वॉर्डात काम केलं तिथून बघताना मला ती कणव दिसत नाही. साहेबाच्या विषाची किंमत वाढवून त्याला ते सोडायला भाग पाडायचं आणि मजुराचं विष स्वस्त ठेवायचं, याला कणव म्हणत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञ रिजो जॉन यांनी आपल्याच देशाच्या कुटुंबखर्चाच्या आकड्यांवरून दाखवलं आहे, की किंमत १० टक्क्यांनी वाढली तर विडीचा खप ९ टक्क्यांच्या आसपास घटतो. सिगारेटचा त्या मानाने फार कमी घटतो. कर वाढला की आधी गरीब सोडतो. त्याचं आयुष्य आधी वाचतं. जो सोडू शकणार नाही त्याच्या खिशाला जास्त चाट बसेल, ही अडचण खरी आहे आणि ती मी लपवत नाही. तिच्यावर उपाय त्याला सोडायला मदत करण्याचा आहे. विडी स्वस्त ठेवणं हा उपाय नाही.

स्वस्ताईची किंमत किती? जॉन यांच्याच अंदाजाने विडीमुळे होणाऱ्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला २०१७ साली बसलेला भुर्दंड सुमारे ८० हजार कोटी रुपयांचा होता. त्या वेळी शंभर रुपयांच्या या नुकसानीमागे विडीवरच्या अबकारी करातून तिजोरीत येत होता जेमतेम अर्धा रुपया. उरलेलं कोण भरत होतं? घरातलं मंगळसूत्र, सावकाराचं कर्ज, मुलाची सुटलेली शाळा. २०११ साली जॉन यांच्याच एका अभ्यासाने दाखवलं, की तंबाखूवरचा खर्च आणि तिच्यामुळे होणारा दवाखान्याचा खर्च हिशेबात धरला तर देशात आणखी सुमारे दीड कोटी माणसं दारिद्र्यरेषेखाली जातात.

रोजचा खर्च छोटा दिसतो. २०१६-१७च्या सर्वेक्षणाप्रमाणे रोज विडी ओढणाऱ्याचा महिन्याचा खर्च सरासरी २८४ रुपये होता, सिगारेटवाल्याचा ११९२. शहरातला माणूस म्हणेल, २८४ म्हणजे काय मोठं? त्या घरच्या बाईला विचारा. तंबाखू असलेल्या घरांत दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधन यांवर खर्च कमी होतो, हेही आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. आकड्यांत 'दूध' हा एक शब्द आहे. माझ्या ओपीडीत तो क्षयाच्या औषधावर रिकाम्या पोटी असलेला माणूस असतो.

क्षयाचा उल्लेख आला तर एवढं सांगतोच. २००३ साली तामिळनाडूतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की पुरुषांच्या क्षयाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे धूम्रपानामुळे ओढवतात. श्रीमंत देशात सिगारेट आधी कर्करोग आणि हृदयविकार घेऊन येते; आपल्याकडे विडी क्षयाला हाताशी धरते. २००८ साली झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या मृत्यूंवरून मोजलं: विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षं गमावतो, विडी ओढणारी बाई आठ. विडीत तंबाखू सिगारेटच्या जेमतेम पाव भाग असते. पण तेंदूचं पान सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळे धूर खोलवर जातो. "आमची विडी साधी आहे, सिगारेटसारखी केमिकलची नाही" असं म्हणणारे मी शेकड्यांनी ऐकले. त्यातल्या पुष्कळांच्या नातेवाइकांना मी प्रमाणपत्रं लिहून दिली.

कायदे आपल्याकडे आहेत. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, २००८पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, २०१२पासून राज्यात गुटखाबंदी आहे, २०२०मध्ये सुट्टी विडी-सिगारेट विकायला मनाई झाली, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह धोक्याचा इशारा आहे. पण सुट्टी एक विडी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येत नाही, चित्र येत नाही. मनाई होऊनही टपरीवर सुट्टी मिळते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि आपण, मध्यमवर्गीय माणसं? आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी' हा शब्द पगाराच्या शेजारी छापतात. "मला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही" हे वाक्य आपण मोठ्या समाधानाने बोलतो. माझे वडील बोलले, मीही बोललो. त्यात एक आरोप दडलेला असतो: ज्याला व्यसन आहे तो आमच्यापेक्षा कमी मनाचा. मला आज मास्तरांसमोर बोलतो आहे असं समजून कबूल करायचं आहे, की माझ्या निर्व्यसनीपणात माझं कर्तृत्व फार थोडं होतं. मला शाळा मिळाली, वेळेवर जेवण मिळालं, आणि बसायला खुर्ची मिळाली.

म्हणून तीन मागण्या करतो.

पहिली, आपल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहा, की विडीचा कर सिगारेटच्या बरोबरीला आणा, आणि त्यातून येणारा पैसा विडी वळणाऱ्या बाईसाठी वेगळा काढा. या शहरात गणवेश शिवण्याचा धंदा वाढतो आहे. तिला मशीन, शिक्षण आणि शिकण्याच्या काळातली मजुरी द्या. तिचा रोजगार पुढे करून विडी वाचवू नका. तिला विडीतून बाहेर काढा. तिच्या मुलीला तर नक्कीच.

दुसरी, इथे बांधकाम व्यावसायिक आहेत, कारखानदार आहेत, मार्केट यार्डातले अडते आहेत. तुमच्या कामावरच्या माणसाला दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटं बसू द्या. सावली द्या, पाणी द्या, जमलं तर चहा द्या. आणि मुकादमाला सांगा, की रिकाम्या हाताने बसलेल्या माणसावर ओरडायचं नाही. या मागणीला सरकारचा आदेश लागत नाही, उद्या सकाळी अमलात येते.

तिसरी माझ्या व्यवसायबंधूंना. सरकारचा तंबाखूमुक्तीचा फोन आहे, १८००-११-२३५६, तो फुकट आहे. पेशंटला तो नुसता लिहून देऊ नका, तुमच्यासमोर लावून द्या. आणि रागावू नका.

तो हमाल पुढे दोन वर्षांनी आमच्याच वॉर्डात गेला. त्याच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात लिहिलं आहे: 'व्यसन: विडी, पंचवीस वर्षं'. कामाचे तास किती, कामावर बसायला मिळतं का, हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. आजच्या कागदावरही नाही. तुमच्या दवाखान्यात तो उद्या हाताने आखून घ्या.